पहिल्या दिवसाचं पाणी

प्रिय खारूताई,

या नावाने तुला हाक मारणारी मी एकटीच, म्हणजे पत्र कुणाचं आहे ते तुला कळलंच. तुझ्या खणात बाटल्यांची झाकणं, तुटके चिमटे, बोटभर उरलेल्या पेन्सिली आणि बिस्किटांचे अर्धे पुडे साठलेले असायचे म्हणून हे नाव ठेवलं होतं. मग तू मला ‘टापटीप’ म्हणायला लागलीस आणि लॅबचा सगळा मजला मला त्याच नावाने ओळखायला लागला. आता तू हे पत्र फाडायला उचललं असशील. फाडायचं तर खुशाल फाड, तुझा तो हक्कच आहे. फक्त शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

तुझा पत्ता कसा लागला ते आधी सांगते, नाहीतर तू उगाच कुणावर तरी चिडशील. आपल्याकडे पावडरींच्या बरण्या घेऊन येणारा तो बडबड्या विक्रेता अजून येतो. गेल्या महिन्यात तो सांगत होता की एका जॅमच्या कारखान्यातल्या तपासणीच्या बाई त्याचं जॅम घट्ट करायचं पेक्टिन सारखं परत पाठवतात. त्या म्हणे चमचाभर जॅम खिडकीपाशी तिरका धरतात, मनाशी आकडे मोजतात आणि वेळेआधी थेंब पडला की सगळा माल नाकारतात. त्याने हात तिरका करून दाखवला. तसा चमचा धरणारी मी आयुष्यात एकच बाई पाहिली आहे. नंबर मागितला तर तो देईना. तू बजावून ठेवलं आहेस म्हणाला. पण पाकीट दिलं तर हातात नेऊन देईन, असं कबूल केलं. इतकी वर्षं तोंडाला कुलूप माहीत नसलेला माणूस नेमका इथे शहाणा निघाला.

इकडची खबर म्हणशील तर लॅब आता दुसऱ्या मजल्यावर गेली आहे. तुझ्या खिडकीपाशी फ्रिज ठेवलाय, त्यामुळे ऊन कुणाच्याच वाट्याला येत नाही. आपला बॉस थर्मामीटर पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. अजूनही दारात उभा राहून ताप मोजावा तसा एकेकाच्या तोंडाकडे बघतो आणि न बोलता निघून जातो. माझे हात पूर्वीसारखेच धुऊन धुऊन फुटलेले असतात. माझी आई म्हणते, तू जन्माला आलीस तेव्हाही नर्सने तुला पुसायच्या आधी तूच तिच्याकडे नाक मुरडून बघितलंस. हे वाचून तू पूर्वी हसली असतीस.

आता मुद्द्याचं. यातलं बरंचसं तुला पाठ आहे, तरी मी ते अगदी साध्या शब्दांत लिहिणार आहे, तुझ्या आप्पांना समजेल अशा भाषेत. का, ते पुढे कळेल.

समुद्रातल्या शेवाळापासून एक पावडर मिळते, अल्जिनेट. मुळात ती म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. ती पाण्यात विरघळवून तिची जेल करता येते, पाण्याने भरलेली आणि मऊ, आपल्या सांध्यांतल्या हाडांवरच्या मऊ गादीच्या, म्हणजे कूर्चेच्या, बरीचशी जवळची. गुडघ्याची झिजलेली कूर्चा त्या जेलमध्ये पेशी वाढवून नव्याने तयार करायची, एवढंच आपलं काम. पण ती नुसती वापरून भागत नाही. पेशींना तिच्यात धरायला काही सापडत नाही, त्या अंग चोरून गोल होतात आणि मरतात. म्हणून आपण त्या साखळीत बदल करायचो. तिला प्रथिनाचे बारीक तुकडे जोडायचे, म्हणजे पेशींना पाय रोवता येतात. आणि असे काही गट जोडायचे, जे निळा प्रकाश पडला की एकमेकांना घट्ट धरतात. मग जेलचा ठोकळा तयार होतो. जगभर सगळ्यांचे ठोकळे दुसऱ्या आठवड्यात माना टाकायचे. तुझे एकवीस ठोकळे सहा आठवडे उभे राहिले. यंत्राखाली दाबले तरी पुन्हा वर यायचे. तुझा शोधनिबंध छापून आला तेव्हा थर्मामीटरसुद्धा हसला होता आणि आपण दोघींनी ते हसू तारीख घालून भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

त्या निबंधात माझं नाव तुझ्याखाली दुसरं होतं. मी सगळ्यांना हसतमुखाने सांगितलं की खरं श्रेय तुझंच. ते खरंच होतं. पण रोज नऊच्या ठोक्याला येणारी मी, वही एका रेषेत लिहिणारी मी, आणि अकराला धापा टाकत येऊन वहीवर चहाचे गोल उमटवणाऱ्या तुझे ठोकळे उभे राहतात, हे मला गिळता येत नव्हतं. मला तुझा मत्सर वाटायचा, खारूताई. आडून आडून लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून सरळ लिहिते.

आता त्या बादलीबद्दल. साखळीत बदल करून झाला की उरलेली रसायनं तिच्यात तशीच असतात आणि ती पेशींना मारतात. म्हणून तो द्राव पातळ पडद्याच्या लांबट पिशव्यांत भरायचा, दोन्ही टोकांना क्लिपा लावायच्या आणि पिशव्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. लहान कण पडद्यातून बाहेर निघून जातात, लांब साखळी आत राहते. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत. पाणी डिस्टिल्डच घ्यायचं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. पण डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र अख्ख्या मजल्याला एक, थेंब थेंब गळणारं, आणि रांग लावायला तुला कधी जमलंच नाही. तू पहिल्या दिवशी बादली सरळ नळाखाली धरायचीस. पहिल्या दिवशी नुसती घाणच निघते, तिला कशाला एवढं शाही स्नान, असं म्हणायचीस. मी ओरडायचे. आपल्या नळाचं पाणी असं की महिन्याभरात किटलीला आतून पांढरा थर चढायचा. तू हो हो म्हणायचीस आणि पुढच्या वेळी पुन्हा बादली नळाखाली. वहीत मात्र लिहायचीस, पाण्यात चार दिवस. निबंधातही तेवढंच गेलं. तू लपवलं नव्हतंस, तुला ते लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं.

मग परक्या दोन प्रयोगशाळांचे ठोकळे उभे राहिनात, तू आकडे रचलेस अशी तक्रार आली, चौकशी बसली आणि तुला लॅबमध्ये यायला मनाई झाली. थर्मामीटरने प्रयोग पुन्हा करायचं काम माझ्याकडे दिलं, कारण माझ्या हाताबद्दल कुणी शंका घेणार नाही. मी तुझा प्रयोग तीनदा केला. तुझ्यापेक्षा स्वच्छ केला. पहिल्या दिवसापासून डिस्टिल्ड पाणी वापरलं, कारण मला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. तिन्ही वेळा ठोकळे नवव्या दिवशी बसले. पहिल्या वेळी मी खरंच रडले. दुसऱ्या वेळी रडता रडता मला आत कुठेतरी बरं वाटलं.

चौकशी समितीत तिघं होते. त्यातल्या दोरीचा चष्मा घातलेल्या बाईंनी मला फार नीट प्रश्न विचारला. तिच्या काम करण्याच्या पद्धतीत असं काही होतं का, जे निबंधात लिहिलेलं नाही? त्या क्षणी नळाखालची बादली माझ्या डोळ्यांसमोर आली. अगदी निळ्या रंगाची, कडेला तडा गेलेली. मी नाही म्हणाले.

त्यानंतर कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की मी तुझी पाठ राखली. आधीच तिच्यावर आकडे रचल्याचा आरोप आहे, त्यात गलथानपणाची भर कशाला. हे त्या वेळी मनात आलं होतं, ते खोटं नाही. पण त्याच्याच शेजारी आणखी काही आलं होतं, आणि दोन्हींतलं कुणी माझ्या तोंडून ‘नाही’ म्हणालं, ते मला आजही सांगता येत नाही. अहवालावर माझी सही आहे. निबंध मागे घेतला गेला. तू खण रिकामा करून कापडी पिशवीत भरत होतीस तेव्हा मी माझं टेबल पुसत होते. ते आधीच पुसलेलं होतं.

तू गेल्यानंतर महिन्याभराने एका दुपारी आप्पा माझ्या घरी आले होते, हे तुला कदाचित माहीत नसेल. दोन बस बदलून आले होते. खुर्चीच्या कडेला बसले, पाणीही घेतलं नाही. म्हणाले, मला तुमचं शास्त्र कळत नाही. चौतीस वर्षं मी पोरांना गणित शिकवलं. मुलगी म्हणते मी आकडे रचले नाहीत, कागद म्हणतो तिचं उत्तर येत नाही, आणि कागदावर सही तुझी आहे. तू तिच्या शेजारी बसायचीस, तेव्हा तूच सांग, तिने रचले का? मी म्हणाले, मला सांगता येणार नाही. माझं ‘सांगता येणार नाही’ ते ‘हो’ असंच धरतील हे मला बोलतानाच कळत होतं. त्यांनी मान हलवली. जाता जाता म्हणाले की दुसऱ्याच्या वहीत बघून उत्तर लिहिणाऱ्याला मी जन्मभर शून्य दिलं, माझ्या पोरीला वेगळं माप लावता येणार नाही. त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं आणि तू घरी जाणं टाकलंस, हे मला फार नंतर समजलं. त्या दुपारी मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायलाही गेले नाही.

दीड वर्षापूर्वी डिस्टिल्डच्या यंत्राची कॉइल फुटली. दुसऱ्या दिवसापर्यंत यंत्र बंद, आणि माझ्या पिशव्या तयार होऊन बसलेल्या. नाइलाजाने मी पहिल्या दिवशी नळाचं पाणी घेतलं. नाक मुरडूनच घेतलं. नवव्या दिवशी ठोकळे उभे होते. पंधराव्या दिवशी उभे होते. चाळिसाव्या दिवशी मी यंत्राखाली दाबले आणि ते वर आले. मी स्टुलावर बसून राहिले.

मग मी ते सगळं मोजलं. आपल्या जड पाण्यातलं कॅल्शियम त्या साखळीत अडकतं. पुढे तीन दिवस डिस्टिल्ड पाणी बदललं तरी ते साखळी सोडत नाही. प्रमाण इतकं थोडं की पिशवीत जेल होत नाही, पण निळ्या प्रकाशाने साखळ्या जोडल्या की हे कॅल्शियम त्यांना दुसरीकडूनही धरून ठेवतं. दुहेरी पकड. तुझ्या ठोकळ्यांचं गुपित तेवढंच होतं, आणि ते तुलाही माहीत नव्हतं. तुझा एकही आकडा रचलेला नव्हता. चौकशीच्या वेळी तुला एकदा जरी लॅबमध्ये प्रयोग करू दिला असता, तर तू सवयीने बादली नळाखाली धरली असतीस आणि तुझे ठोकळे सगळ्यांच्या नाकासमोर उभे राहिले असते.

हे कळल्यावर मी काय करायला हवं होतं ते लिहायची गरज नाही. मी काय केलं ते लिहिते. मी थर्मामीटरला सांगितलं की मला एक नवी सुधारणा सापडली आहे. तो खूश झाला. मी पद्धत बारकाईने लिहिली, कॅल्शियम मोजून घातलं, तक्ते केले, आणि निबंधावर माझं नाव पहिलं टाकलं. तुझ्या नावाचा कुठे मागमूसही नव्हता, कारण मागे घेतलेल्या निबंधाचा उल्लेख करून कशाला वाद ओढवून घ्यायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलं. चौदा महिने मी मूग गिळून बसले. रोज वेळेवर गेले आणि वेळेवर आले. तुझी आठवण आली की हात धुवायचे.

गेल्या महिन्यात गुडघ्याच्या सर्जनना भेटायला मी हॉस्पिटलमध्ये गेले होते. घशाच्या विभागाबाहेरच्या बाकावर आप्पा बसले होते, मांडीवर फाइल, गळ्याभोवती पंचा. मला वाटलं, ते तोंड फिरवतील. त्यांनी मला ओळखलं, जवळ बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, ती बरी आहे ना गं? त्यांना वाटत होतं की आपली मैत्री अजून आहे, त्यांच्याशी बोलत नसलीस तरी माझ्याशी तू बोलत असशील. मी हो म्हणाले. पुन्हा एक खोटं, आणि तेही त्यांच्याच तोंडावर. त्या बाकावरून उठल्यावर मी सर्जनना न भेटताच घरी परतले.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. एक पिशवी आणि दोन क्लिपा बरोबर नेल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर पातेल्यात पाणी घेऊन त्यांना सगळं दाखवलं. शेवाळ, साखळी, पेशी, पाणी, कॅल्शियम, जसं तुला आता लिहिलं अगदी तसंच. आणि मग समितीतला तो प्रश्न आणि माझं ‘नाही’ हेही सांगितलं. शेवटी ते म्हणाले, किती वेळा करून बघितलंस? मी म्हणाले, नळाचं पाणी घेऊन पाच वेळा, न घेता पाच वेळा. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पुढे सरकवलं, आकडे लिहून दे म्हणाले. मी लिहून दिले. ते बराच वेळ बोट ठेवून ठेवून वाचत होते. मग म्हणाले, म्हणजे तिचं उत्तर बरोबर होतं, फक्त रीत लिहायची राहिली होती. रीत लिहिली नाही म्हणून मी फार तर एक मार्क कापायचो. माझ्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

माझा नवा निबंध मी मागे घेतला. संस्थेला आणि निबंध छापणाऱ्या मासिकाला सही करून सगळं लेखी कळवलं, बादलीच्या रंगासकट. याला आठ दिवस झाले. थर्मामीटरने माझ्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि आता तो माझ्या तोंडाकडेही बघत नाही. ते ठीकच आहे. तुला संस्थेकडून रीतसर पत्र येईल, तुझं नाव जिथे होतं तिथे परत लावतील, माफीही मागतील. ते सगळं माझ्या पत्राशिवाय तुझ्यापर्यंत पोचलं असतं. त्यासाठी तुला लिहायची माझी हिंमत झाली नसती.

लिहिलं ते आप्पांसाठी. त्यांच्या घशात जे आहे ते फार पसरलंय. येत्या गुरुवारी सकाळी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकणार आहेत. डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल. तुझा नंबर त्यांच्याकडे नाही. मी विक्रेत्याची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाले, शून्य मी दिलंय, आता कुठल्या तोंडाने मागे लागू? काल मी त्यांच्याकडे गेले होते. स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी सूप गरम करत होते, तेव्हा बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज ऐकू आला. फोन हातातही नव्हता, ते नुसतं म्हणून बघत होते. तुझं लहानपणीचं नाव घेत होते, थांबत होते, परत पहिल्यापासून घेत होते. त्यापुढचं वाक्य त्यांना सापडत नव्हतं. मी हे लिहितेय ते त्यांना माहीत नाही. विक्रेता मंगळवारी दुपारी तुझ्याकडे येईल, म्हणजे तुझ्या हातात जेमतेम दीड दिवस उरतो. त्यांचा नंबर तोच आहे, जुना. मला क्षमा नको, उत्तर नको, माझ्याशी या जन्मात बोलली नाहीस तरी चालेल. पण त्यांना फोन कर. आणि फोन उचलला गेला की लगेच बोलू नकोस. त्यांना सुरुवात करायला वेळ लागतो.

तुझीच म्हणायचा हक्क मी घालवला आहे, तरी तुझीच,
टापटीप